नीलच्या धक्क्यावरून

नारायणा, निजायला तू समुद्रच का निवडलास ते तुझं तुला ठाऊक. मला त्याच्या काठी चार दिवस मिळाले, आणि ते मी घड्याळाकडे बघत काढले.

अंदमानात शहीद द्वीप नावाचं तुझं एक बेट आहे. सगळे अजून नीलच म्हणतात. तिथे लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक कमान आहे. पूर्व बंगालातून येऊन वसलेली माणसं तिला ‘हावडा ब्रिज’ म्हणतात. तिथवर जायचं तर सुकती हवी. आजीचं गणित मला तोंडपाठ : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती, पावणेदहाला सुकती. ऐटीत सगळं घर घेऊन गेले, तर वाटेवर गुडघाभर पाणी, आणि ते चढतच होतं! कोकणच्या किनाऱ्याचा हिशोब बंगालच्या उपसागराला कशाला लागू पडेल? शहाळेवाला हसला. म्हणाला, “दीदी, कल सुबह जल्दी आना.” त्याच्यावरही मी चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सरलं होतं. खडकांतल्या डबक्यांत निळ्या ओठांचे मोठे शिंपले उघडे होते, एक समुद्रकाकडी निवांत पडली होती, आणि दुसऱ्याचा रिकामा शंख पाठीवर घेऊन एक खेकडा तुरुतुरु चालला होता. त्या एका तासाबद्दल तुझे उपकार मानते, देवा. तिथले शंख-प्रवाळ उचलायला मनाई आहे, तेही बरंच. माझ्या घरी काचेच्या बरणीत अशा किती जणांची घरं बंद आहेत, तेवढं पोटात घाल.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. वारा सुटला आणि बोटी बंद झाल्या. धक्क्यावर बसून मी तुझा धावा केला, कशासाठी, तर विमान चुकू नये म्हणून. शेजारी दिवस भरत आलेली एक बाई वळकटीला टेकून बसली होती. पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात निघालेली. तिने माझ्या नातवाला केळं दिलं. बोट कधी येईल म्हणून विचारलं, तर तिने नुसतं समुद्राकडे पाहिलं. जन्म बेटावर काढलेल्या माणसाचं ते पाहणं होतं. मला दोन तासही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट लागली. माझ्या कोपरात जोर होता, मी पुढे घुसले आणि खिडकीची जागा धरली. ती चढली की नाही, हे मी मागे वळून पाहिलंच नाही.

विमान मिळालं, नारायणा. आज तिथी दशमी. तिचं काय झालं असेल? तिला सुखरूप मोकळी कर. मुलगा असो, मुलगी असो, पोटभर दूध मिळू दे. आणि आणखी कोणी तिच्यासारखी धक्क्यावर बसली असेल, तर आधी तिला चढू दे.