विमान पडलं, कुणाला लागलं नाही

परवा रविवारी भाच्याला आणि त्याच्या पहिल्या आरसी विमानाला घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेलो होतो. भाचा अकरा वर्षांचा, त्याला उडवायची घाई. मी मात्र पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचललं आणि नाक किती खाली झुकतंय ते बघत बसलो.

"मामा, घरी केलं होतं ना हे?"

केलं होतं. पण नंतर चार्जिंगला बॅटरी काढली होती. ती परत त्याच जागी बसलीय का, हे उचलून बघितल्याशिवाय कळत नाही. विमानात बॅटरीच सगळ्यात जड असते. ती सेंटिमीटरभर सरकली तरी तोल बदलतो.

माझ्या या चिकाटीचं कौतुक करू नका. तिच्यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि गेल्या आठवड्यापर्यंत ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी फोमचं ट्रेनर विमान बनवलं होतं. फेस्टमध्ये डेमो होता. आदल्या रात्री शेपूट मोडलं. मी ते इपॉक्सी आणि कार्बनची काडी लावून जोडलं. वजन फार तर 20 ग्रॅम वाढलं असेल. पण तोल नुसत्या वजनावर ठरत नाही, वजन गुणिले अंतर असा हिशोब असतो. आमचं शेपूट गुरुत्वमध्यापासून 60 सेंटिमीटर मागे होतं, नाक 20 सेंटिमीटर पुढे. म्हणजे मागच्या 20 ग्रॅमसाठी पुढे 60 ग्रॅम टाकायला हवे होते.

साध्या ट्रेनरचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण 25 ते 33 टक्क्यांवर ठेवतात. तो फार मागे गेला की वाऱ्याने जरा वर उचललेलं नाक आपोआप खाली येत नाही, आणखी वर जात राहतं. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं आणि शेपूट जड असलेलं एकदाच उडतं, असं आरसीवाले म्हणतात ते यामुळेच.

हे सगळं मला माहीत होतं. सकाळी आम्ही रेंज चेक केली, ऐलरॉन-एलेव्हेटर बरोबर दिशेला हलतायत का तेही पाहिलं. तोल बघायला दहा सेकंद लागली असती. पण तो चुकलेला निघाला असता तर डेमो रद्द झाला असता. म्हणून मी बघितलंच नाही. विसरलो असं म्हणता येणार नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

विमान हातातून सुटलं, नाक वर गेलं, जातच राहिलं. स्टॉल होऊन ते दोरीपलीकडे बसलेल्या एका मुलीच्या पायापासून हातभर अंतरावर आदळलं. क्षणभर शांतता, मग हशा, टाळ्या. कुणीतरी म्हणालं, "वारा होता रे." मीही म्हणालो, "हो, वारा होता."

विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाने 1877 साली एका निबंधात एका जहाजमालकाचं उदाहरण दिलंय. जहाज जुनं झालंय अशी शंका त्याला येते. पण तो मनाची समजूत घालतो आणि प्रवासी भरून जहाज पाठवतो. जहाज बुडालं तर तो दोषी, हे उघड आहे. क्लिफर्डचं म्हणणं असं की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी.

वाचल्यावर आधी राग आला. मग ज्याच्या हातून खरंच कुणाचा डोळा गेला तो आणि मी सारखेच का? यावर बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी 1976 मध्ये 'नैतिक नशीब' या नावाखाली वाद मांडला, तो अजून मिटलेला नाही. मला वाटतं, इथे खाती दोन आहेत. दुसऱ्याचं काय देणं लागतो ते परिणामावर ठरतं. मी कसा वागलो ते त्या दहा सेकंदांवर. पहिलं खातं रिकामं आहे म्हणून दुसरं बंद करता येत नाही.

ऑफिसात आम्ही नेमकं तेच करतो. बग सापडतो, 'युजरवर परिणाम नाही' असं लिहितो, तिकीट बंद. कुठलं काम आधी करायचं हे ठरवायला ते ठीक आहे. पण तो बग कसा सुटला हे मग कुणी विचारत नाही.

आणि माझं पहिलं खातं तरी रिकामं होतं का? त्या दिवशी ट्रान्समीटर माझ्या मित्राच्या हातात होता. त्यानंतर त्याने विमान उडवलं नाही. "माझा हात बसत नाही यार," म्हणायचा. मी ऐकायचो, गप्प राहायचो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कुणाला लागलं नव्हतं ना," मी म्हणालो. बोलताना ते किती खोटं आहे हे मलाच ऐकू आलं.

माळावर बॅटरी थोडी पुढे सरकवली आणि विमान भाच्याच्या हातात दिलं. "आता तू बघ," म्हटलं. त्याने दोन बोटांवर ते तोललं. नाक किंचित खाली झुकलं, तसंच हवं होतं. वैताग त्याच्या तोंडावर होताच, पण त्याने पुन्हा एकदा उचलून बघितलं.