भट्टीचा खर्च कोणाच्या माथी?

एकाच भट्टीत पहाटे पाव भाजले जातात आणि नाताळच्या दिवसांत केकही. मैदा, साखर, अंडी यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येतो. परंतु भट्टीचे भाडे, सरपण आणि कारागिराची रात्रपाळी यांत पावाचा वाटा किती व केकचा किती, हे कोणते गणित सांगणार? वजनावर वाटणी केली तर एक उत्तर येते, वेळेवर केली तर दुसरे. रेल्वेच्या दरांसंबंधी हीच अडचण फ्रँक टॉसिग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९१ साली मांडली होती.

जास्तीत जास्त नफा हेच ज्याचे ध्येय, तो व्यापारी ही वाटणी करीतच नाही. आणखी एक नग काढण्यास किती खर्च येतो आणि भाव चढविल्यास किती गिऱ्हाईक तुटते, एवढेच तो पाहतो. पावासाठी आलेला माणूस मस्काही नेत असेल, तर पाव थोडा तोट्यातही त्याला परवडतो. भट्टीचे भाडे दुप्पट झाले तरी या गणितातील भाव बदलत नाहीत. दुकान चालवावे की बंद करावे, एवढेच त्यावरून ठरते. तेव्हा कमाल नफ्याचा भाव आधीच लावून बसलेला दुकानदार ‘भाडे वाढले, म्हणून भाव वाढविला’ असे म्हणतो, तेव्हा ते कारण नसते, सबब असते.

मग भार पडतो कोणावर? ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्यावर. केक महागला तर गृहिणी तो घरी करील. पाव महागला तर मजुराने काय करावे? फ्रँक रॅम्झी (कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या मायकेल रॅम्झींचे थोरले बंधू) यांनी १९२७ साली करांसंबंधी लिहिलेल्या निबंधाचा निष्कर्षही ढोबळमानाने असाच आहे: ज्या वस्तूची मागणी कमी हटते तिच्यावर अधिक भार टाकावा. मात्र श्रीमंताचा रुपया आणि गरिबाचा रुपया यांच्या मोलातील फरक त्यांनी आरंभीच बाजूला ठेवला होता. माझ्या मते सारा नैतिक प्रश्न त्या बाजूला ठेवलेल्या गाठोड्यातच आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिआ’त याचा विचार केला आहे. वस्तू देताना विक्रेत्याचे नुकसान होत असेल, तर त्याने ते भरून घ्यावे; परंतु केवळ घेणाऱ्याची गरज मोठी म्हणून भाव वाढवू नये, कारण जे आपले नाही ते विकता येत नाही. मजुराची भूक भट्टीवाल्याच्या मालकीची नाही!

तथापि सामाईक खर्चापाशी हा निकषही अडखळतो. भट्टी कोणी तरी पेटती ठेवलीच पाहिजे. केकवर जादा भार टाकला आणि त्याचे गिऱ्हाईक गेले, तर सारा भार पुन्हा पावावरच येतो. म्हणजे सज्जन भट्टीवाल्यालाही लोभी शेजाऱ्याचेच कोष्टक पाहावे लागते. फरक एवढाच की, भट्टीचा खर्च आणि स्वतःची रास्त मजुरी निघाली की पावापुरता तो थांबतो.

भारतीय रेल्वेने अनेक वर्षे उलटी वाट धरली: प्रवासभाडे खर्चाच्या खाली ठेवले आणि तूट मालवाहतुकीवर टाकली. हेतू दयेचाच. पण त्या मालात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. आणि तो कोळसा विजेच्या बिलातून ज्याच्या घरात शिरतो, त्याने कदाचित वर्षभरात गाडीचे तोंडही पाहिलेले नसते.