किल्ली कुणाकडे?

मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांमध्ये घराची एक जादा किल्ली शेजारी ठेवायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. शेजारच्या काकू त्या किल्लीने कधीही आत जाऊ शकतात, पण जात नाहीत. गेल्याच, तर संध्याकाळी सांगतात, "अगं, गॅसवाला आला होता, सिलिंडर आत ठेवून घेतलं." विश्वास म्हणजे इथे दोन गोष्टी: कारणाशिवाय आत न जाणं आणि गेल्यावर सांगणं. कुलूप कुठल्या कंपनीचं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

घरबसल्या दुसऱ्याचा कॉम्प्युटर सांभाळायचा असेल तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न मात्र आपण नेहमी कुलपाच्या दुकानात उभं राहून विचारतो. फुकट आहे का? स्लो नेटवर चालतं का? राऊटरमध्ये काही सेटिंग करावं लागतं का? मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि अंधेरीच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर तिथेच राहिले, ते सांभाळणारे विरार, डोंबिवली, घाटकोपरच्या वन बीएचकेत अडकले. तेव्हा हे प्रश्न रास्तच होते. काम चालू राहणं महत्त्वाचं होतं.

पण या साधनांमध्ये एक फरक असा आहे, जो वेगाच्या तक्त्यात दिसत नाही: तुम्ही आत शिरता तेव्हा समोर बसलेल्या माणसाला काय दिसतं? विंडोजच्या साध्या रिमोट डेस्कटॉपने शिरलात की त्याच्यासमोरची स्क्रीन लॉक होते. तुम्ही आत, तो बाहेर. केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत जन्मलेल्या व्हीएनसीच्या घराण्यातल्या साधनांत दोघांना एकच स्क्रीन दिसते, माउस भूत लागल्यासारखा आपोआप फिरतो, आणि हवं तर समोरचा माणूस तो हिसकावून घेऊ शकतो. एसएसएचने गेलात तर स्क्रीनवर काहीच हलत नाही. लॉगमध्ये एक ओळ उमटते, पण ती वाचणार कोण?

हे एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पासवर्ड चोरून ऐकत होतं, ते थांबवण्यासाठी. तेव्हापासून या क्षेत्राची सगळी हुशारी तिसऱ्या माणसाला बाहेर ठेवण्यात खर्च झाली आहे. ज्याच्या हातात रीतसर किल्ली आहे त्या दुसऱ्या माणसाचं काय, हे त्या मानाने फार कमी वेळा विचारलं गेलं. तो दुसरा माणूस म्हणजे मी. कदाचित तुम्हीही.

घाटकोपरच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात टॅलीचा कॉम्प्युटर रात्री अकरा वाजता एकटाच चालू असतो. तिथे कायमचा पासवर्ड ठेवून, कुणाला न विचारता आत जाणं यात मला काही गैर दिसत नाही. मशीन ऑफिसचं, काम ऑफिसचं. 'प्रायव्हसी मोड' नावाची सोयही तिथे उपयोगी: तुम्ही पगाराची शीट उघडता आणि तिकडची स्क्रीन काळी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. आता तेच सॉफ्टवेअर एखाद्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर टाका. त्यावर त्याचं बँक खातं आहे, बायकोचे मेडिकल रिपोर्ट आहेत, मुलीची शाळेची प्रोजेक्ट्स आहेत. तिथे ती काळी स्क्रीन म्हणजे घरमालकाला जिन्यात उभं करून त्याच्याच घरात फिरणं. सॉफ्टवेअर तेच, बटण तेच.

आईबाबांच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं: भामटे लोकांना फोनवर एनीडेस्क टाकायला लावतात, नऊ आकडी कोड विचारून घेतात आणि मग खात्यातले पैसे काढतात. तेव्हापासून आपण त्यांना घोकून घेतो, कोड कुणालाही द्यायचा नाही. आणि रविवारी आपणच फोन करतो, "बाबा, तो नऊ आकडी कोड सांगा ना." भामट्याची आणि मुलाची वाक्यं इतकी सारखी असताना त्यांनी फरक करायचा कशावरून? आवाजावरून?

यावर सोपा उपाय सुचतो: कायमची परवानगी सेट करून ठेवायची, म्हणजे कोडची भानगडच नको. मला तो पटत नाही. कोडमध्ये धोका आहे हे खरं, पण त्या कोडमुळेच बाबांना कळतं की कुणीतरी आत येतंय. विंडोजमधल्या क्विक असिस्टमध्ये कोड मदत करणारा देतो आणि बाबा तो टाइप करतात. तो थोड्याच वेळात बाद होतो. पूर्ण ताबा द्यायचा का, हे त्यांना वेगळं विचारलं जातं. भामट्यांनी हेही वापरलं आहे, तेव्हा आपण आधी ठरलेल्या वेळी स्वतः फोन करायचा, हे पथ्य उरतंच. बाबा चष्मा शोधतात, बीचा आठ करतात, पंधरा मिनिटं जातात. जाऊ द्यावीत. ज्यांना दिसतच नाही किंवा हात चालत नाही, त्यांच्यासाठी कायमची किल्ली ठेवावी लागते, मान्य. पण मग काकूंसारखं सांगायला हवं: आज आलो होतो, प्रिंटर नीट केला, बाकी काही उघडलं नाही.

रस्टडेस्कसारखं ओपन सोर्स साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं की हा पेच सुटतो, असं काही मित्र म्हणतात. कंपनीवर विसंबण्याचा पेच सुटतो, हे खरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द एनीडेस्कने आपल्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा ती भीतीही पोकळ नव्हती. पण स्वतःच्या सर्व्हरवरून शिरलो तरी शिरणारा मीच.

टाळेबंदीत घाईघाईने बसवलेली ही सॉफ्टवेअर्स काही मशिन्सवर आजही विंडोजबरोबर सुरू होत असतील. घड्याळाशेजारचा छोटा बाण दाबला की दिसतील. बसवणाऱ्याने नोकरी बदलली, पासवर्ड त्याला अजून पाठ आहे. घराची किल्ली परत करता येते. पासवर्ड समोरच्यालाच बदलावा लागतो, आणि त्यासाठी त्याला फोन करून सांगावं लागतं की साहेब, तुमच्या मशीनमध्ये मी अजून येऊ शकतो. हा फोन करणं जड जातं. साहेबांना आधी वाटतं, हा आत्ता का सांगतोय? मग ते विचारतात, मधल्या काळात कितीदा येऊन गेलास?