कसंतरीच

मराठीतला सर्वांत कामसू शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी 'कसंतरी' या शब्दाची शिफारस करीन. बिचारा दोन खात्यांत एकदम नोकरी करतो. 'काम कसंतरी उरकलं' हे त्याचे पहिले खाते. त्यात रस्त्यांपासून मुलांच्या गृहपाठापर्यंत सगळे येते. दुसऱ्या खात्यात जाताना तो शेपटीला 'च' लावतो आणि म्हणतो, 'कसंतरीच वाटतंय.' आमच्या कुरखेड्याकडे याचेच 'कसंतरीच वाटून राह्यलं जी' होते. त्या 'जी'मुळे दुखण्याला जरा अदब येते एवढेच.

या 'कसंतरीच'ला पत्ता नसतो. डॉक्टर विचारतात, "नेमकं कुठे?" आणि आपला हात गळ्यापासून बेंबीपर्यंत सर्व स्टेशने घेत पॅसेंजरसारखा हिंडतो. आमच्या सौभाग्यवती डॉक्टरांकडे जाऊ देत नाहीत. त्या ओवा देतात. आणि प्रांजळपणे सांगायचे तर दहांपैकी आठ वेळा मानवी अस्तित्वाचा प्रश्न ओव्याने सुटतो. हे लिखाण उरलेल्या दोन वेळांसंबंधी आहे.

या शब्दाची भावंडे तशी सरळ वळणाची. धाकधूक निकालाची असते. हुरहूर वडसा स्टेशनवर लेकीची गाडी सुटल्यावर लागते. रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची. तिघांचेही पत्ते पक्के, पोस्टमन डोळे मिटून पोहोचवील. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जंगलात जाणाऱ्या बाईला कसंतरीच वाटत नाही, तिला वाघाची भीती वाटते. वाघ हा अतिशय नेमका विषय आहे.

हाच फरक डेन्मार्कच्या किर्केगार्ड नावाच्या गृहस्थाने 1844 साली एका पुस्तकात मांडला. भीती कशाची तरी असते, पण एक अस्वस्थता अशी असते की तिला 'कशाची' हा प्रश्नच लागू पडत नाही. कड्यावरून खाली पाहणाऱ्याला जी घेरी येते, तिच्याशी त्याने या अस्वस्थतेची तुलना केली. घेरी केवळ दरीमुळे येत नाही, पाहणाऱ्याच्या नजरेमुळेही येते. आपण काहीही करू शकतो, या जाणिवेने डोके गरगरते. तो माणूस कोपनहेगनचा. त्याला आमच्या सती नदीकाठची हवा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण निदान बरोबर निघाले.

मी बँकेत कारकून. बी.कॉम. असल्याने आत्म्यापेक्षा ताळेबंदावर माझा विश्वास अधिक. एका दुपारी खिडकीशी एक म्हातारी आली. तेंदूपत्त्याची मजुरी खात्यात जमा झालेली, ती काढायची होती. पासबुकात नावापुढे 'बाई' होते, आधार कार्डावर नव्हते. नावातली ही तफावत दुरुस्त झाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, असा नियम. मी नियम सांगितला. म्हातारी म्हणाली, "बरं जी," आणि निघाली.

आता भांडणारे गिऱ्हाईक आले की कारकुनाला काहीही होत नाही. तो आवाज चढवतो, हा नियम दाखवतो, दोघांची भूक वाढते. पण 'बरं जी' हे फार वाईट शस्त्र आहे. त्यावर उलट बोलता येत नाही. संध्याकाळ व्हायची होती, कॅश पैशापर्यंत जुळलेली होती, माझे काही चुकले नव्हते; आणि तरीही कसंतरीच.

इथे मला शब्दाच्या दोन खात्यांतला गमतीदार हिशेब कळला. काम कसंतरी करणाऱ्याला सहसा कसंतरीच होत नाही, तो घोरत असतो. ते होते काम चोख करणाऱ्याला! कारण नियमाने बांधलेले असतात ते पैसे देणारे हात. अर्ज लिहून देणाऱ्या हातांबद्दल नियमात अवाक्षर नसते. किर्केगार्डची दरी ती हीच. 'माझा नाइलाज होता' असे डोके म्हणत असताना, 'थोडासा इलाज होता की' असे पोट पुटपुटते.

मी उठलो. म्हातारी बाहेर झाडाखाली एसटीची वाट पाहत होती. अर्ज लिहिला, अंगठा घेतला, कोणता कागद कुठून आणायचा ते सांगितले. दहा मिनिटे. पुढच्या पंधरवड्यात पैसे मिळाले आणि नियमाच्या केसालाही धक्का लागला नाही. मात्र कसंतरीच वाटणे त्या दहा मिनिटांतच थांबले होते. पैशांची वाट त्याने पाहिली नाही.

बँकेत एक उचंत खाते असते. ज्या रकमेचा धनी कोण हे कळत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची. कसंतरीच वाटणे हे मनाचे उचंत खाते. यात दोन धोके. एक, 'टेन्शन घेऊ नका' म्हणून रक्कम परस्पर माफ करून टाकणे. दुसरा अधिक सभ्य: ती तिथेच जपून ठेवणे आणि 'मला किती वाटतं बघा' म्हणून स्वतःवरच खूश होणे. अस्वस्थ माणूस चांगलाच असतो, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. अस्वस्थता ही नुसती नोंद आहे, भरणा नव्हे.

बँकेतल्या ज्या ठेवीला दहा वर्षे कोणी वाली येत नाही, ती 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. तो वा त्याचा वारस केव्हाही येऊन मागू शकतो. मनाच्या खात्याचाही नियम बहुधा हाच असावा.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. कसंतरीच वाटले की आधी ओवा खावा. तासाभरानेही वाटतच राहिले, तर दिवसाची वही उघडावी आणि पाहावे, आज आपल्या खिडकीवरून 'बरं जी' म्हणून कोण परत गेले.