सही करण्यापूर्वी

अमेरिकेतील कॉलेजांत मुलांना पाठवू इच्छिणारी कुटुंबे आता बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्यांतही आढळतात. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. तो दिसायला अर्जाचा असला तरी मुळात वचनाचा आहे. म्हणून त्याचा विचार येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तिकडे लवकर अर्ज करण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. दोहोंची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या १ किंवा १५ तारखेस संपते. पहिल्यास ‘अर्ली ॲक्शन’ म्हणतात. त्यात निकाल लवकर कळतो, पण इतर कॉलेजांची उत्तरे पाहून १ मेपर्यंत निर्णय घेण्याची मोकळीक असते. दुसरा ‘अर्ली डिसिजन’. असा अर्ज एकाच कॉलेजात करता येतो, आणि प्रवेश मिळाल्यास तेथेच जाईन व बाकीचे अर्ज मागे घेईन, असे विद्यार्थी लिहून देतो. त्याबरोबर आईबापांची व शाळेच्या समुपदेशकाचीही सही असते. पुष्कळ कॉलेजांत ह्या मार्गाने अर्ज करणाऱ्यांपैकी निवड होणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते, आणि तेथेच मोह उत्पन्न होतो.

“आता सही करून ठेवू, पुढे याहून चांगले मिळाले तर पाहू,” असे मन म्हणते. सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्या संस्थेने असे बांधून घेणे हाच अन्याय, असेही कोणी म्हणेल. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अन्याय वाटत असेल तर सही न करण्याची वाट खुलीच आहे. सहीचा लाभ घ्यावा आणि तिचे ओझे मात्र टाकून द्यावे, हे कसे चालेल? इस्राएलाच्या सरदारांनी परमेश्वराचा सल्ला न घेता गिबोनाच्या लोकांशी घाईने करार केला (यहोशवा ९). आपण फसलो हे तीन दिवसांनी कळले, तरी त्यांनी शपथ मोडली नाही. तेथे तर समोरच्याने कपट केले होते. येथे सर्व अटी आधीच छापून हाती दिलेल्या असतात.

मग पैसा पुरला नाही तर? कॉलेजाने देऊ केलेल्या साहाय्यात शिक्षण परवडत नसेल, तर विद्यार्थ्याला मोकळे करण्याची रीत आहे. तसे मागणे हा वचनभंग होत नाही, कारण ती सवलत वचनाबरोबरच सांगितलेली असते. मात्र परवडत असूनही दुसरे नाव अधिक झळाळते म्हणून पैशाचे निमित्त पुढे करणे हे असत्यच होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याला फीची चिंता नाही तोच निर्धास्तपणे एका ठिकाणी बांधून घेतो. गरिबाला चार ठिकाणचे साहाय्य ताडून पाहावे लागते. सुस्थितांनाच लाभ होतो ह्या विचाराने हार्वर्ड व प्रिन्स्टन या विद्यापीठांनी २००६ साली लवकर प्रवेशाची पद्धत बंद करण्याचे ठरवले. २०११ साली दोघांनीही ती पुन्हा आणली, पण बंधन न घालता. व्हर्जिनिया टेकने २०२३ साली बंधनकारक पद्धत सोडली. तेव्हा ज्याचे लेकरू ह्या मार्गाने आत गेले, त्याने थोडे श्रेय घरच्या पैशालाही आहे हे ओळखून नम्र असावे.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकवले (लूक १४:२८). घरच्यांनी ऑक्टोबरातच एकत्र बसून प्रार्थनापूर्वक विचारावे : हे कॉलेज मिळाले तर दुसरीकडे वळून पाहावेसे वाटणार नाही ना? साहाय्य न मिळाल्यास चार वर्षांचा खर्च झेपेल ना? उत्तर ‘होय’ असेल तर आनंदाने सही करावी. नसेल तर जानेवारीच्या सुमाराच्या नेहमीच्या मुदतीपर्यंत थांबावे. त्यात कमीपणा काही नाही. आईबापांच्या बरोबरीने लेकरू सही करते असा हा बहुधा पहिलाच मोठा कागद. आपल्या सहीची किंमत किती, हे ते त्याच दिवशी आपल्याकडे पाहून शिकणार आहे.