रोज एक शब्द

११७९ साली रोममध्ये पोप तिसरे अलेक्झांडर यांनी धर्मपरिषद भरवली होती. तिथे फ्रान्समधल्या लिऑन शहराकडची काही साधी माणसे येऊन उभी राहिली. अंगावर लोकरीची जाडीभरडी वस्त्रे, पाय अनवाणी, गाठीला काही नाही. सोबत एक पुस्तक होते. त्यात स्तोत्रे आणि बायबलचे आणखी काही भाग त्यांच्या बोलभाषेत उतरवलेले होते. हे आम्हाला लोकांना सांगू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

वॉल्टर मॅप या इंग्रज विद्वानाने त्यांची परीक्षा घेतली आणि तो प्रसंग स्वतःच लिहून ठेवला. पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास आहे का, असे त्याने एकेक करून विचारले. ते प्रत्येक वेळी हो म्हणाले. मग त्याच सुरात त्याने ख्रिस्ताच्या मातेबद्दल विचारले. त्यांनी त्याच सरळपणे पुन्हा हो म्हटले आणि सारी सभा हसली. तिथल्या पंडितांच्या काटेकोर परिभाषेत ते उत्तर चुकीचे होते. मला मात्र ते हसणे आजही बोचते. आपल्या देवाच्या आईला नाही म्हणणे ज्यांना सुचलेच नाही, त्यांच्यात हसण्यासारखे काय होते? पण मॅपने पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. आज ही माणसे नम्र आहेत, पण त्यांना आत घेतले तर ती आपल्यालाच बाहेर घालवतील, असे त्याला वाटले. त्या हसण्यामागे भीती होती.

या लोकांचा म्होरक्या वाल्डो हा लिऑनचा श्रीमंत व्यापारी. सुमारे ११७३ मध्ये त्याने संपत्ती वाटून टाकली. त्याआधी दोन धर्मपंडितांना पैसे देऊन त्याने शुभवर्तमाने लोकभाषेत करून घेतली होती. त्याच्या गरिबीच्या व्रताला पोपची हरकत नव्हती, पण स्थानिक धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय उपदेश करायचा नाही, अशी अट होती. वाल्डोच्या अनुयायांना ती पाळणे जमले नाही. त्यांच्यात स्त्रियाही उपदेश करत. ११८४ मध्ये व्हेरोना येथे पोप तिसरे लुशियस यांनी त्यांना पाखंडी ठरवून बहिष्कृत केले.

तेव्हापासून ते लपूनछपून जगले. पुस्तक बाळगणे धोक्याचे होते आणि अनेकांना वाचताही येत नव्हते. म्हणून त्यांनी शास्त्र पाठ केले. तेराव्या शतकात पासाऊच्या धर्मप्रांतातल्या एका धर्मगुरूने त्यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. ईयोबाचे पुस्तक शब्दन्‌शब्द म्हणून दाखवणारा एक निरक्षर शेतकरी आणि संपूर्ण नवा करार मुखोद्गत असलेली माणसे आपल्याला ठाऊक आहेत, अशी नोंद त्यात आहे. मला काही जमणार नाही, असे कोणी म्हटले की ते त्याला सांगत, रोज एकच शब्द शिक, वर्षाकाठी तीनशे होतील. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली ही साक्ष आहे. एवढा धीर धरणारी शिकवण कोणत्या विद्यापीठात होती?

इतिहासाची पुस्तके या वाल्डेन्शियन लोकांना प्रोटेस्टंट सुधारणेचे पूर्वसूरी म्हणतात. लोकभाषेतले शास्त्र, सामान्य माणसाचा उपदेशाचा हक्क आणि परलोकातल्या शुद्धिस्थानाला दिलेला नकार पाहिला तर ते खरेही आहे. पण धर्मसुधारक लूथरने १५१७ मध्ये आवाज उठवला तेव्हा यांची जवळजवळ साडेतीनशे वर्षे जगून झाली होती. त्या वर्षांना कोणा दुसऱ्याची पूर्वतयारी म्हणणे मला पटत नाही. ते शपथ घेत नसत, माणूस मारणे पाप मानत, त्यांचे उपदेशक जोडीजोडीने गावोगाव हिंडत. १५३२ मध्ये आल्प्समधल्या शानफोरान येथे ते सुधारणेत सामील झाले आणि शपथेची मनाई गेली. पुढे फिरत्या उपदेशकांच्या जागी एका गावी राहणारे पाळक आले. त्यांना बळ मिळाले, पण त्यांचे स्वतःचे असे बरेच काही त्यात हरवले.

त्याच शानफोरानच्या सभेच्या सुमारास त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे फ्रेंच भाषांतर करण्याचे काम धर्मसुधारक काल्व्हिनचा नात्यातला भाऊ ऑलिव्हेतान याच्याकडे होते. १५३५ मध्ये ते छापून निघाले. त्याचा खर्च डोंगरातल्या या गरीब माणसांनी वर्गणी काढून दिला.