निवात दीप आणि नाचणारी रेघ

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सळयांच्या कारखान्यांकडे ये-जा करणाऱ्या मालमोटारींची वर्दळ जिथे रात्रंदिवस चालू असते, तिथल्या एका गॅरेजात गेल्या जानेवारीत मला चार तास बसून राहावे लागले. आणि आयुष्यभर संस्कृत शिकवूनही जो प्रश्न मला कधी नीट मांडता आला नव्हता, तो त्या चार तासांत एका मिस्त्रीच्या लॅपटॉपवर माझ्यासमोर उभा राहिला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती असेल, परंतु असत्य नाही.

निमित्त माझ्या भाच्याचे. त्याने आपल्या लहान पेट्रोल मोटारीला जुन्या बाजारातून आणलेला टर्बोचार्जर बसवून घेतला होता. जळून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूच्या जोरावर एक पाते फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पात्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, अशी ही युक्ती आहे. परंतु हवा वाढली की तिच्या प्रमाणात इंधनही वाढावे लागते. आणि ते वाढविण्याचा अधिकार ज्या संगणकाकडे, त्याला हवेचा दाब कळविणारा सेन्सर मुळात वातावरणाच्या दाबापलीकडे मोजण्यासाठी बनविलेलाच नव्हता. जी जमीन पैमाशीत आलीच नाही तिच्यावर सारा बसत नाही, तशी ही जादा हवा कोणाच्याच दफ्तरी लागली नाही. मग एका दुपारी समृद्धी महामार्गावर भाच्याने पाय दाबून धरला, इंजिन ‘ठोकू’ लागले, म्हणजे मिश्रण आपली वेळ सोडून भडकू लागले, आणि एका पिस्टनच्या माथ्याला करंगळी जाईल एवढे भोक पडले. मोटार वाहन अधिनियम 1988 मधील कलम 52 अशा फेरफारांना मुभा देत नाही, आणि निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत पुन्हा स्पष्ट केले आहे, हे मी त्याला सांगितले. त्याने ते, कचेरीत अर्ज दाखल करून घेतात तसे, दाखल करून घेतले. मामाचा अंमल याहून पुढे चालत नाही.

पिस्टन बदलला, मोठे इंजेक्टर आले, दाबाचा नवा सेन्सर आला, आणि राहिले ते ट्यूनिंग, ज्यासाठी आम्ही त्या थंड सकाळी तिथे पोचलो होतो. ट्यूनिंग हा शब्द मुळात वाद्याचा. सोण नावाच्या अतिउत्साही भिक्षूला, जो चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेत होता, बुद्धाने वीणेचीच उपमा दिल्याचे पाली ग्रंथांत आहे: तार फार ताणली तरी नाद नाही, फार सैल सोडली तरी नाद नाही. उपमा सुंदर आहे, परंतु तिच्यामुळे आपल्या मनात एक समजूत घर करून बसली असावी, ती अशी की योग्य मात्रा म्हणजे दोन टोकांमधली एक जागा, ती एकदा सापडली की खुंटी सोडून द्यावी आणि गायला बसावे. गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्त आहार आणि युक्त विहार मी विद्यार्थ्यांना याच अर्थाने वर्षानुवर्षे समजावून दिला, आणि दुसऱ्या अध्यायात ज्याला योग म्हटले आहे ते समत्वही मी असेच, ढळत नाही अशा एखाद्या काट्यासारखे, मनाशी धरून होतो.

मिस्त्रीच्या धंद्यातही अशी एक जागा आहे. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने 14.7 भाग हवा लागते. हा आकडा मिस्त्रीला तोंडपाठ होता, जसा आम्हाला अमरकोश असे. लिटरभर पेट्रोलला त्या हिशेबाने सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पंपावर आपण पैसे मोजतो ते त्या एका लिटरचे. नऊ हजार लिटरांची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. कठोपनिषदातील प्रसिद्ध रूपकात शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे, परंतु घोड्यांना चंदी किती घालावी हे तिथे कोणी विचारलेले नाही. ते विचारले चरकाने. आहार मात्रेने घ्यावा, आणि ती मात्रा ज्याच्या-त्याच्या अग्नीच्या बळावर अवलंबून असते, असे त्याचे सांगणे आहे, आणि गॅरेजात बसल्यावर मला ते प्रथमच अक्षरशः खरे वाटले. कारण 14.7 हा आकडाही दिसतो तेवढा अढळ नाही. जास्तीत जास्त जोर हवा असेल तर हवेचे प्रमाण साडेबारा-तेरापर्यंत खाली आणावे लागते. काटकसर हवी असेल तर ते पंधरा-सोळाकडे जाते. थंड इंजिन सुरू होताना, अंगावरच्या मुलाला भूक नसताही पाजावे तसे, त्याला जादा इंधन पाजावे लागते. एवढेच कशाला, उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण 2025 पर्यंत वीस टक्क्यांवर आले, तेव्हा इथेनॉलला वजनाच्या नऊपटच हवा लागत असल्यामुळे, पूर्ण ज्वलनाचा तो आदर्श आकडाच साडेतेराच्या आसपास घसरला. आदर्शच जर पंपावरच्या टाकीबरोबर बदलत असेल, तर मग धरायचे काय?

यंत्राने याचे जे उत्तर शोधले आहे ते मला विलक्षण वाटले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या नळीत अंगठ्याएवढा एक सेन्सर बसविलेला असतो. व्होल्वो कंपनीच्या मोटारींत तो 1976 मध्ये प्रथम आला, आणि आपल्याकडे 2000 सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले, कार्बोरेटर गेला, तसा तो घरोघरच्या मोटारींत शिरला. या सेन्सरला 14.7 ठाऊक नाही, साडेतेरा ठाऊक नाही, पेट्रोल काय आणि इथेनॉल काय हेही ठाऊक नाही. जळून झाल्यावर प्राणवायू उरला की नाही, एवढेच तो पाहतो. उरला तर इंधन कमी पडले, उरला नाही तर इंधन जास्त झाले. झिर्कोनियाच्या ज्या मृत्तिकेचा तो बनलेला असतो, ती सुमारे तीनशे अंश तापल्याशिवाय त्याला काही कळतही नाही; म्हणजे आगीबाहेर उभे राहून आगीविषयी साक्ष देण्याची त्याला सोय नाही.

मिस्त्रीने त्या सेन्सरची रेघ पडद्यावर आणली. इंजिन जागच्या जागी संथ चालू होते, आवाजात कसलाही चढ-उतार माझ्या कानांना कळत नव्हता, आणि ती रेघ मात्र व्होल्टाच्या एका दशांशापासून नऊ दशांशांपर्यंत वर, पुन्हा खाली, पुन्हा वर, अशी सारखी नाचत होती. मी शिक्षकी सवयीने विचारले, “ही मधोमध कधी थांबायची?”

“थांबली म्हणजी सेन्सर मेलं बघा, गुरुजी,” तो मान वर न करता म्हणाला. “हलतंय तवर बरं समजायचं.”

इंधन थोडे जास्त झाले की सेन्सर सांगतो, संगणक कमी करतो. कमी करता करता ते थोडे अधिकच कमी होते, सेन्सर पुन्हा सांगतो, संगणक पुन्हा वाढवतो. योग्य बिंदूवरून तो सेकंदातून एकदा-दोनदा पार होतो, परंतु तिथे मुक्काम करीत नाही. शिवाय पुढे धूर शुद्ध करणारे जे पात्र असते, ते हवा जास्त असताना थोडा प्राणवायू साठवून ठेवते आणि इंधन जास्त असताना तोच खर्च करते. दोन्हीकडचे हेलकावे त्याच्या वहीत एकमेकांची वजावट होऊन मिटतात.

आता इथे मला गीतेतला तो दिवा आठवल्याशिवाय राहीना, जो वारा नसलेल्या जागी ठेवला असता हलत नाही आणि ज्याची उपमा योग्याच्या आवरलेल्या चित्ताला दिली आहे. तो दिवा खरा की ही रेघ खरी? क्षणभर वाटले की आपण एका पवित्र प्रतिमेविरुद्ध गॅरेजातला पुरावा दाखल करून घेत आहोत. परंतु निवात आणि निर्वात यांत भेद आहे. जिथे वारा नाही तिथे दिवा स्थिर राहतो. जिथे हवाच नाही तिथे तो विझतो. लंडनमध्ये 1860 च्या नाताळात मायकेल फॅरेडेने मुलांसाठी मेणबत्तीवर जी व्याख्याने सुरू केली, त्यांत ज्योतीचा आकार भोवतालच्या हवेच्या वर जाणाऱ्या प्रवाहातून कसा घडतो हे त्याने दाखविले होते: तापलेली हवा वर जाते, खालून गार हवा तिची जागा घेते, आणि आपण जिला अचल म्हणून हात जोडतो ती ज्योत हा एक अखंड चाललेला ओघ असतो. तेव्हा देवघरातल्या समईच्या ज्योतीतही रेघ नाचतच असते. आपण ती काढीत नाही, इतकेच.

याचा अर्थ कोणी असा काढील की चुकावे आणि परतावे, पुन्हा चुकावे आणि पुन्हा परतावे, यालाच समत्व म्हणायचे असेल तर प्रत्येक व्यसनी मनुष्य योगी ठरेल. हा आक्षेप मला खरोखर जड गेला, आणि त्याचे निराकरण मला पोथीत न सापडता मिस्त्रीच्याच एका वाक्यात सापडले. जुना झालेला सेन्सर मरत नाही, तो “सुस्त” होतो, असे तो म्हणाला. त्याचीही रेघ हलते, परंतु बातमी उशिरा पोचते, म्हणून दुरुस्ती उशिरा होते, म्हणून हेलकावा लांब आणि रुंद होतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज जाते. म्हणजे सुस्त सेन्सर आणि ताजा सेन्सर यांत भेद चुकण्या-न चुकण्याचा नसून विलंबाचा आहे. चूक दोघांकडूनही होते, आणि दोघांनाही ती झाल्यावरच कळते, कारण बातमी धुरातून येते, ज्वालेतून नव्हे. एकाला ती लगेच कळते आणि दुसऱ्याला गाव ओलांडल्यावर. स्थितप्रज्ञाचा क्रोध आणि माझा क्रोध यांत, मला आता वाटते, क्रोध उद्भवण्या-न उद्भवण्याचे अंतर फारसे नसेल. अंतर आहे ते, तो उद्भवला हे त्याला कळण्याला किती वेळ लागतो आणि मला किती, याचे. माझ्या बाबतीत तो काळ एका प्रसंगी एकवीस वर्षांचा होता.

याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी, 1608 मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते निघून गेले ही कथा आमच्याकडच्या लेकराबाळांनाही ठाऊक असते. तो शब्द आपण धोक्याची सूचना म्हणून ऐकतो. परंतु अवधानासह तो सावधान, आणि अवधान म्हणजे सेन्सर तापलेला असणे, याहून निराळे ते काय? समर्थांना ही तुलना हीन वाटली असती असे मला वाटत नाही. दासबोधाच्या दोनशे समासांपैकी एक, एकोणिसाव्या दशकातला पहिला, त्यांनी लेखणी, शाई, कागद आणि अक्षराचे वळण यांवर खर्च केला आहे, आणि ज्याने बोरू तासण्याला परमार्थाच्या ग्रंथात जागा दिली, त्याने इंजेक्टरला दारातून परत पाठविले नसते.

मात्र या यंत्राची एक खोड सांगितलीच पाहिजे. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर हवा आणि इंधन दोन्ही न जळता बाहेर येतात. सेन्सरला त्यांतला प्राणवायू तेवढा दिसतो, तो इंधन कमी पडल्याची तक्रार करतो, आणि संगणक, ज्याचा त्याच्यावर पूर्ण इतबार, आणखी इंधन ओततो. न जळलेल्यात न जळणाऱ्याची भर. अंतःकरणात ठिणगी नसली की आपली पारायणे कमी पडत आहेत असेच मनुष्याला वाटते, आणि तो सप्ताहावर सप्ताह लावीत जातो; मी हे कोणाला उद्देशून लिहीत नाही, माझ्या कपाटातल्या पोथ्यांची संख्या मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. पाय पूर्ण दाबला, म्हणजे इंजिनाकडून सर्वस्व मागितले, की संगणक त्या सेन्सरची साक्ष बाजूला ठेवतो आणि आधी लिहून ठेवलेल्या तक्त्याप्रमाणे चालतो. संथ चालीत शिकलेल्या दुरुस्तीचा, ज्याला मी संस्कार म्हणेन, थोडाफार आधार काही गाड्यांत त्याला असतो, परंतु क्षणाक्षणाचे अवधान तिथे बंद. भाच्याचा पिस्टन जळाला तो नेमका इथे. तक्ता जुन्या इंजिनासाठी, जुन्या हवेसाठी लिहिलेला होता, आणि भाचा त्या तक्त्यातल्या इंधनावर नवी हवा जाळीत निघाला होता. संकटात मनुष्य विवेकाने वागत नाही, तो मुरलेल्या तक्त्याने वागतो. म्हणून स्मृती लिहिणाऱ्यांवर मी आता पूर्वीइतका चिडत नाही, फक्त ती स्मृती कोणत्या इंजिनासाठी लिहिली होती एवढे विचारतो. दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून अठरा अध्याय सांगण्याचे जे साहस श्रीकृष्णाने केले, ते कोणताही मिस्त्री करणार नाही.

त्या चार तासांत मिस्त्री नवा तक्ता लिहीत होता: वेगाची एक ओळ, दाबाचा एक रकाना, त्यात एक आकडा, मग भाच्याला गाडीत बसवून रस्त्यावर एक फेरी, परत येऊन प्लग काढून पाहणे, पांढरा असेल तर इंधन वाढविणे, काजळी असेल तर कमी करणे, आणि विटकरी झाला की पुढच्या रकान्याकडे वळणे. सगळा तक्ता भरून झाल्यावर भाच्याने पैसे मोजले आणि विचारले, आता पुन्हा यावे लागणार नाही ना.

मिस्त्रीने हात पुसत दाराबाहेर पाहिले. आज बारा अंश होते. मे महिन्यात इथे बेचाळीस होतात, आणि तेवढ्या उष्णतेने हवा जवळजवळ दहाव्या हिश्श्याने विरळ होते. त्याचीही दुरुस्ती संगणकात भरलेली असते, पण ती त्याने आज अंदाजाने भरली होती.

“उन्हाळ्यात एक डाव आणा,” तो म्हणाला, “तवा बघू काय म्हणतंय.”